रसायनवृक्षाचं अनावरण

पडद्याची दोरी सुमंत सरांच्या हातात देताना गोपाळकृष्ण सर हसले. विभागातल्या जुन्या मंडळींना हे हसू नवीन होतं. सुमंत सर निवृत्त होईपर्यंत या दोघांचं बोलणं शिपायामार्फत चाले, आणि शिपाई रजेवर गेला की बंद राही.

पडद्यामागे, प्रयोगशाळेच्या भिंतीवर, रसायनशास्त्राचा वृक्ष रंगवलेला होता. निमंत्रणपत्रिकेवर विज्ञान दिन लिहिलं होतं. प्रत्यक्षात तो सूड होता.

भांडण एका शब्दाचं होतं. सुमंत सर सेंद्रियवाले, म्हणजे कार्बनच्या संयुगांचे. गोपाळकृष्ण सर भौतिकवाले, म्हणजे अभिक्रिया का होते, किती वेगाने होते, तिच्यात उष्णता किती येते-जाते, याचे. गोपाळकृष्ण सरांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी, भरल्या वर्गात, तेव्हाचे विभागप्रमुख सुमंत सर म्हणाले होते, की भौतिक रसायन हे आमच्या झाडावरचं बांडगूळ आहे; स्वतःला मूळ नाही, आमच्याच रसावर जगतं. वर्ग हसला. संध्याकाळपर्यंत गोपाळकृष्ण सर 'बांडगूळ सर' झाले. नोकरीत ते कायम व्हायच्या आधी हे नाव कायम झालं. परवा लेकीच्या लग्नात एक माजी विद्यार्थी, आता बँकेत मॅनेजर, अक्षता टाकता टाकता बायकोच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघं सरांकडे बघून हसली. काय बोलला, ते सरांना विचारावं लागलं नाही.

तो शब्द ज्याचा त्याला परत करायचा, एवढंच आता आयुष्यात उरलं होतं. सर विभागप्रमुख झाले होते. भिंत हातात होती.

रंगवायला कोंडीबाला बोलावलं. तो दहिवडीकडचा, साताऱ्यात दुकानांच्या पाट्या करायचा. सरांनी त्याला खडूनं आखून दिलं. भौतिक हे खोड. धातू, क्षार, खनिजं बघणारं असेंद्रिय ही एक फांदी. पदार्थात काय आहे आणि किती आहे ते शोधणारं विश्लेषण, ही दुसरी. जिवंत शरीरात कुठल्या अभिक्रिया चालतात ते सांगणारं जैवरसायन, तिसरी. आणि सेंद्रिय हे त्यावरचं बांडगूळ. प्रत्येकावर शाखेचं नाव घालायचं, पण बांडगूळ असं मात्र कुठे लिहायचं नाही. लिहिलं की निंदा होते. नुसतं काढलं की ती कला असते.

कोंडीबानं बांडगूळ बेतानं काढलं. सर म्हणाले, मोठं कर. मग म्हणाले, हिरवंगार कर, शेवटच्या रांगेतून दिसलं पाहिजे. मग त्याला लालभडक फुलंही घालायला लावली.

"सर, बाकीच्या फांद्यास्नी पानं काढू का?" कोंडीबानं विचारलं.

"अजिबात नको. पानांत बांडगूळ झाकलं जाईल."

कोंडीबाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्या दुष्काळी माण तालुक्यात या दिवसांत झाडं अशीच दिसतात.

तर, दोरी ओढली गेली. टाळ्या झाल्या. गोपाळकृष्ण सर टाळ्या वाजवत नव्हते. ते सुमंत सरांचा चेहरा बघत होते. त्या चेहऱ्याची त्यांनी फार वर्षं वाट बघितली होती. पण चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच उमटेना. उलट सुमंत सर मान तिरपी करून फुलं न्याहाळत होते.

गोपाळकृष्ण सर कुंडलचे, मळ्यातल्या आंब्यावरची बांडगुळं कोयत्यानं उतरवत मोठे झालेले. सुमंत सर वाईच्या गणपती आळीतले. हा शब्द त्यांनी आयुष्यभर लोकांना चिकटवला, वस्तू मात्र कधी बघितलेली नव्हती. हे गोपाळकृष्ण सरांच्या आत्ता, एवढ्या गर्दीत उभं राहून, लक्षात आलं.

माइकपाशी शेवटच्या वर्षाची अरिबा उभी होती. सरांनी दिलेल्या व्याख्या तिनं एकेक करून म्हटल्या, कुठली शाखा कशाचा अभ्यास करते ते नीट सांगितलं. तिथं थांबायला हवं होतं. पण मुलगी हुशार होती, आणि हुशार मुलांना भर घातल्याशिवाय राहवत नाही.

"सेंद्रिय रसायनाची सुरुवात सजीवांपासून मिळणाऱ्या पदार्थांपासून झाली," ती म्हणाली. "म्हणून सरांनी अख्ख्या झाडावर ही एवढी एकच शाखा जिवंत दाखवलेली आहे."

जैवरसायनाच्या पद्मा मॅडमनी आपल्या वाळक्या फांदीकडे एकदा बघितलं आणि पदर सावरला. बाकीच्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आधीपेक्षा जोरात.

सुमंत सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. चालत आले. अरिबाच्या हातातला माइक घेतला आणि दुसरा हात गोपाळकृष्ण सरांच्या खांद्यावर ठेवला.

"गोपाळराव, त्या बांडगुळाच्या शब्दाबद्दल आज सगळ्यांदेखत तुमची माफी मागायची, म्हणूनच मी वाईहून आलो होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही स्वतःच भौतिकला वाळलेलं खोड म्हणताय, तर मी तरी कशाला हुज्जत घालू?"