पहिल्या दिवसाची सहल

नव्या मत्स्यालयातली मोठी टाकी काठोकाठ भरून सात दिवस तशीच ठेवायची आणि मगच उद्घाटन, असं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी इंजिनिअरला काचेच्या खालच्या कोपऱ्यात केसाएवढा तडा दिसला.

"टाकी रिकामी करावी लागेल," तो म्हणाला.

साहेबांनी छापून आलेली निमंत्रणपत्रिका त्याच्यासमोर ठेवली. "आता? कडेलाच आहे ना, वरून पट्टी मारून टाका."

त्याने पट्टी मारून घेतली आणि तपासणीच्या कागदावर सही केली.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी त्याची बायको घरी मुलांच्या नावांचे बिल्ले लिहीत बसली होती. ती शाळेत शिक्षिका होती आणि मत्स्यालय सगळ्यात आधी बघायचा मान तिच्या वर्गाला मिळाला होता.

"उद्या तू जाऊ नकोस," तो म्हणाला.

"वेड लागलंय का? अडतीस पोरं आहेत माझ्या भरवशावर."

मग त्याने तड्याचं सांगितलं. तिचा हात लिहिता लिहिता थांबला.

"आत्ताच्या आत्ता सहल रद्द करायला सांगते."

"कारण विचारतील. सही माझी आहे. नोकरी तर जाईलच, वर तुरुंगात जाईन."

तिने हातातला बिल्ला खाली ठेवला. मग तिने मुख्याध्यापकांना फोन लावला. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"सर, मला सणकून ताप भरलाय," ती म्हणाली. "उद्या मुलांबरोबर दुसऱ्या कुणा बाईंना पाठवाल का?"