वैरी पेठेचा गोल

राष्ट्रीय फुटबॉल चषकाची फायनल होती आणि कोल्हापुरात आमच्या तालमीच्या टीव्हीसमोर सगळे हाताची घडी घालून बसले होते. कारण आपल्या राज्याच्या संघात आघाडीला खेळत होता तो पोरगा वैरी पेठेचा, दरवर्षी मैदानात आमच्या तालमीच्या संघाशी भिडणाऱ्या पेठेचा.

"त्याच्यासाठी टाळी वाजवली, त्याची तालीम बंद!" अध्यक्ष दौलतनानांनी बजावलं होतं.

शेवटच्या मिनिटाला पोरानं तिघांना चकवून विजयी गोल मारला. पहिली टाळी पडली ती खुर्चीवर चढलेल्या नानांची.

"नाना, आता तुमाला हाकलायचं व्हय?"

नाना खाली न उतरताच म्हणाले, "पोराची आई कुठली?"

"आपल्याच गल्लीतली की."

"मग भाचा न्हवं आपला? मामानं टाळी वाजवायची न्हाई, तर कुणी?"

अर्ध्या तासात आम्ही सगळे मामा हलगी, गुलाल आणि साडीचोळी घेऊन वैऱ्यांच्या पेठेत शिरलो, बहिणीच्या दारात.