डुकराच्या कानाचा कौल

भाषा हा माणसाला त्याच्या पूर्वजांपर्यंत नेणारा एकमेव पूल आहे, असं मांचू भाषेचे प्राध्यापक तोंग वन्हुई यांनी आयुष्यभर शिकवलं. आज तो पूल एका काळ्या डुकराच्या डाव्या कानापाशी येऊन थांबला होता.

फू कुळाची पूजा होती. डुक्कर पाय बांधून, पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून फळीवर आडवं ठेवलेलं. त्या भिंतीवर फूंचे पूर्वज राहत. मंत्र म्हणायचा, डुकराच्या कानात दारू ओतायची. कान हलला की पूर्वजांनी बळी स्वीकारला.

मंत्र मात्र नवा होता. कुळाचे पुजारी फू ग्वोलियांग यांना आजोबांकडून तोंडपाठ मिळालेला मंत्र इतका झिजला होता, की तो म्हणणाऱ्यालाही कळत नसे आणि ऐकणाऱ्यालाही. तोंग यांनी चार वर्षं, चीनवर राज्य केलेल्या मांचू बादशहांची दरबारी दप्तरं उपसून तो शुद्ध करून दिला. ठरलं होतं असं : कान हलला तर यापुढे हाच मंत्र कुळाचा. नाही हलला तर कागद चुलीत.

फूंनी मंत्र म्हटला. अगदी स्वच्छ. त्याचा अर्थ समजणारे घरात एकटे तोंगच होते. त्यांचे डोळे भरून आले. दारू ओतली. कान हलला नाही.

"कुणीतरी काहीतरी करून बसलंय," कुळातल्या सगळ्यांत वडील, थोरल्या काकू म्हणाल्या. "बोला."

सगळे गुडघ्यांवर बसले.

"मी," फूंचा टक्कल पडलेला पुतण्या पुटपुटला. "शहरात एकदा कुत्र्याचं मटण खाल्लं. बकऱ्याचं म्हणून वाढलं होतं."

"मांचूच्या पोटी येऊन कुत्रं खाल्लंस मेल्या! कळलं कधी?"

"दुसरी वाटी मागितली तेव्हा."

"आणि?"

"वाटी आली होती हो समोर."

त्याने जमिनीवर कपाळ टेकलं. पुन्हा शुद्ध मंत्र, पुन्हा दारू. डुकराने डोळे मिटून घेतले. त्याला बहुधा डुलकी लागत होती.

आता सगळे तोंग यांच्याकडे बघू लागले.

"सर, वाईट वाटून घेऊ नका," काकू म्हणाल्या. "आमचे म्हातारे नदीवर मासे मारायचे. राजवाड्यातलं बोलणं ऐकून बावचळले असतील. ग्वोलियांग, आपलं जुनं म्हण बघू."

"काकू, जुन्यातलं निम्मं म्हणजे नुसता आवाज आहे."

"असू दे. त्यांना सवय आहे."

बाटली रिकामी झाली होती. फूंची बायको लगबगीने दुसरी घेऊन आली. फूंनी जुना मंत्र घडाघडा म्हटला आणि दारू ओतली. डुकराने दोन्ही कान असे फडफडवले, की थेंब काकूंच्या चष्म्यावर उडाले. घरात एकच कल्ला झाला. पुतण्या तर चक्क रडला.

तोंग उठले आणि कुणी आठवण करून द्यायच्या आत त्यांनी कागद चुलीत घातले. संगणकात प्रत होती म्हणा. पूर्वजांनी नाकारलेल्या मजकुराची प्रत.

दुपारी ताटं मांडली गेली. फूंच्या बायकोने तोंग यांच्यापुढे वाफाळता पेला ठेवला.

"घ्या सर, कोमट केलीय. मघाशीही खास तुमच्यासाठी एक बाटली कोमट करून ठेवली होती, तर ह्यांनी तीच उचलून डुकराच्या कानात संपवली. मग बाहेरची आणावी लागली."

तोंग यांनी खिडकीतून पाहिलं. बाकीच्या बाटल्या अंगणात बर्फात गळ्यापर्यंत रोवलेल्या होत्या. बाहेर उणे सव्वीस होतं.