दांडीवरचा निळा शर्ट

माझ्या थोरल्या नातीचं, मेघनाचं, लग्न झालं त्याच वर्षी अर्जेंटिनाने फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला. फायनलच्या रविवारी दुपारी करी रोडच्या आमच्या चाळीत गॅलरीभर अर्जेंटिनाचे आकाशी-पांढरे झेंडे लागले होते. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, ट्रंकेतला जुना निळा शर्ट काढून दांडीवर उन्हात घातला. दर फायनलला घालायचा. छातीवरची अक्षरं कधीच गळून गेली होती, टाक्यांची भोकं तेवढी राहिली होती.

पलीकडच्या गल्लीतले दहा-बारा तरुण बांबूला तिरंगा लावून आले आणि परक्यांचे झेंडे ओरबाडत आमच्या मजल्यावर चढले.

"आजोबा, खायचं इथलं आणि गायचं त्यांचं? काढा तो शर्ट!"

दादाने शर्ट ओढून छातीशी धरला. "माझ्याच देशाचो आसा रे तो."

"ऐकलं का? म्हातारा अर्जेंटिनाचा निघाला!"

सगळे हसले. एकाने त्याच झेंड्याचा बांबू दादाच्या डोक्यात घातला. तो पडला, तरी शर्ट सोडेना, म्हणून ते त्याच्या बोटांवर बूट घालून नाचले. "अरे, ऐकून तरी घ्या," म्हणत मी मध्ये पडलो, तर माझे दोन दात गेले.

हॉस्पिटलात नर्सने शर्ट काढून घ्यायला पाहिलं. मोडलेली बोटंही उघडली नाहीत.

माझा भाऊ भिकाजी तुकाराम परब, भारताच्या फुटबॉल संघाचा एके काळचा लेफ्ट बॅक, १९ डिसेंबर २०२२ रोजी सकाळी वारला.