वहिनींचा फोटो

सुगतने तिसरा कॅमेरा घेतला, तरी प्रज्ञाचा एकही फोटो त्याच्या मनासारखा येईना. "कॅमेऱ्यासमोर तुझा चेहरा आखडतो," तो दर वेळी म्हणायचा. "असेल," ती म्हणायची. हळूहळू तिने फोटोला उभं राहणंच सोडलं.

कंपनीची पानशेतला कौटुंबिक सहल झाली. सोमवारी ऑफिसात निकिताने त्याला एक फोटो दाखवला. ती त्याच्याच टीममधली. त्याचा पहिला, जुना कॅमेरा तिनेच विकत घेतला होता. फोटोत प्रज्ञा मान मागे टाकून खळखळून हसत होती. सुगत बघतच राहिला. आपल्या बायकोला असं हसताना आपण शेवटचं कधी पाहिलं, हे त्याला आठवेना.

"लेन्स कुठली लावलीस?" त्याने विचारलं.

"तुम्ही दिलेली तीच, सर. वहिनी त्यांच्या पहिलीच्या वर्गातला किस्सा सांगत होत्या. ऐकता ऐकता काढला."

संध्याकाळी कर्वेनगरला घरी पोचल्यावर त्याने प्रज्ञाला समोर बसवलं. "निकिताला सांगितलास तो किस्सा मलाही सांग ना."

"तुला आधी सांगितला होता," प्रज्ञा म्हणाली. "तू लेन्स पुसत होतास."