रंग ओला आहे

जावई दात घासत बाहेरच्या खोलीत आला, तर सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत आधीच येऊन बसलेल्या. केस चापूनचोपून विंचरलेले, चष्मा पुसलेला, तोंड उजेडाकडे. शेजारच्या स्टुलावर पाण्याचा ग्लासही भरून ठेवलेला.

"आज उशीर केलात, जावईबापू."

त्याने तोंडातला फेस सावरत दाराजवळच्या बॅगेकडे पाहिलं. "आई, आज तुम्ही निघणार ना? मला वाटलं, आज सुट्टी."

"गाडी यायला अवकाश आहे. आणि रोज म्हणजे रोज, असं कोण म्हणालं होतं?"

तोच म्हणाला होता. आधी तो तेलरंगात चित्रं काढायचा. म्हणजे काढायचा कमी, खरवडायचा जास्त. एकाच बंदराचं चित्र कित्येक वर्षं चाललं होतं, त्यातली होडी काही पाण्यात उतरत नव्हती. पाय मोडून सासूबाई लेकीकडे राहायला आल्या आणि टर्पेंटाइनच्या वासाने त्यांना खोकल्याची उबळ यायला लागली. बायकोने सगळ्या ट्यूबा माळ्यावर टाकल्या आणि त्याच्या हातात जलरंगांची डबी ठेवली. मग त्यानेही ऐटीत जाहीर केलं, रोज सकाळी एक चित्र. घरात न हलणारं माणूस एकच होतं. तोवर सासू-जावयाचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘हो, आत्ताच’ यापलीकडे कधी गेलं नव्हतं.

त्याने चूळ भरली, फळीवर कागद चिकटवला आणि समोर बसला.

"कालच्या चित्रात मी रिटायर झालेल्या फौजदारासारखी दिसत होते," सासूबाई म्हणाल्या.

"काल तुम्ही सारख्या बोलत होतात."

"परवा गप्प बसले, डोळा लागला, तर मेल्यासारखी काढलीत."

तो हसला. हसता हसताच नाकाची रेघ ओढली गेली, आणि बरी ओढली गेली. वेळ थोडा होता, म्हणून त्याने कान मोजले नाहीत, भुवया पुन्हा पुन्हा गिरवल्या नाहीत. गालाला फिकट तांबूस रंग दिला, खिडकीच्या बाजूला थोडा पिवळा. केसांसाठी तो रोज पांढरा रंग कालवत बसे आणि शेवटी भांडी धुतलेल्या पाण्यासारखं काहीतरी होई. आज त्याने केसांना हातच लावला नाही. कागद होता तसाच कोरा सोडला.

"तिकडे तुमच्या घरी सकाळी काय करता तुम्ही?" त्याने कुंचला निळ्यात बुडवत विचारलं.

"काही नाही. चहा करते. मग कप धुते."

"मग?"

"मग कसलं मग? धुतला की पुसून ठेवते."

त्याचा हात हवेतच थांबला. कुंचल्यावरून निळ्या रंगाचा टपोरा थेंब सुटला तो थेट कागदावरच्या गालावर. तो फडकं घ्यायला झेपावला.

"हात लावू नका!" सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मागच्या खेपेला पुसायला गेलात आणि मला दाढी आली."

तो फडकं धरून तसाच बसला. थेंब गालावरून ओघळला, हनुवटीखाली गेला, तिथे पसरून थांबला. सावली पडायला हवी होती ती तिथेच. दोघंही बघत राहिले.

एवढ्यात बायको औषधांची पिशवी घेऊन आली. "आई, चल, गाडी आली खाली. ड्रायव्हर दोनदा..." तिचं लक्ष फळीवर गेलं. "अगं बाई! ही तर तू!"

"बघू." सासूबाईंनी फळी मांडीवर घेतली. चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाल्या, "नाक माझंच आहे."

"छान झालंय! बॅगेत वरच ठेवते, चुरगळणार नाही."

"ओलं आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "ओलं कसं न्यायचं? गाडीत माझं तोंड पसरेल सगळं."

"वाळायला किती वेळ लागतो रे याला?" बायकोने नवऱ्याला विचारलं.

त्याने कागदाकडे पाहिलं. उन्हाची तिरीप थेट कागदावर आली होती. हनुवटीखालचा निळा पार सुकून गेला होता, कागदाची एक कडाही किंचित उचलली होती.

"तसं नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला. "दोन-तीन दिवस तरी."

"दोन-तीन दिवस? पाण्याच्या रंगाला?" तिने बोट पुढे केलं.

"अगं, बोट नको लावूस!" त्याने फळी झटकन मागे ओढली.

बायको हवेत राहिलेल्या आपल्या बोटाकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे. मग आईकडे, आई खिडकीबाहेर कुठलासा पक्षी अगदी मन लावून शोधत होती.

"बरं," ओठ दाबून ती म्हणाली. "ड्रायव्हरला सांगून येते." आणि दाराजवळची बॅग आत सरकवून जिना उतरली.

त्याने फळी दोन्ही हातांनी उचलली, अगदी आडवी धरली आणि काठोकाठ भरलेलं ताट न्यावं तसा एकेक पाऊल टाकत कपाटाकडे निघाला.

"जपून," मागून सासूबाई म्हणाल्या. "सांडेल."