भराव

"हलू नका," न्हावी म्हणाला आणि त्याने वडिलांच्या गालाला फेस लावला.

बाहेर मातीचा डंपर उभा होता. ड्रायव्हर खिडकीशी वाकून "झालं का?" असं विचारून गेला होता. नवा रस्ता पार दुकानाच्या कपाळापर्यंत येणार होता. आज हा खालचा मजला बुजणार, उद्यापासून धंदा माडीवर. सगळं सामान वर गेलं होतं. उरली होती ही एक खुर्ची आणि तिच्यात बसलेले अण्णा. ते उठायला तयार नव्हते, आणि बापाला उचलून न्यायचं न्हाव्याच्या जिवावर आलं होतं.

झरोक्यातून उन्हाचा पट्टा उतरला होता. रस्त्यावरच्या पावलांच्या सावल्या भिंतीवरून संथ सरकत होत्या. आजोबांच्या वेळी गिऱ्हाईक पायरी चढून दुकानात यायचं. मग कारखाना आला, त्याच्या ट्रकांसाठी रस्ता उंच झाला. मग कारखाना गेला, सरकार बदललं, आणि सरकार बदललं की डांबर आलंच. जन्मभर लोकांची डोकी पाहिलेल्या अण्णांना म्हातारपणी नुसत्या चपला दिसू लागल्या.

अण्णांचे डोळे मिटत चालले होते. "या, बसा," ते पुटपुटले.

"कुणाला म्हणताय?"

"खालच्यांना. या फरशीखाली बाबांचं दुकान आहे. मीच माती ओढली त्यात. बाबा दिवसभर जेवले नाहीत." अण्णांनी टाच फरशीवर टेकवली. "दुपारचं कान दिला की त्यांची कात्री ऐकू येते."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. त्यानेही कान दिला. कुठेतरी खोल, पायांच्या तळव्यांखाली, बारीक कचकच चालली होती. कुणीतरी कुणाला हळू आवाजात काही सांगत होतं, कुणी हसत होतं. त्याने वस्तरा बाजूला ठेवला.

"अण्णा, नकोच जायला वर. येऊ दे काय यायचं ते."

अण्णांनी डोळे उघडले. अर्ध्या गालावरचा फेस सुकला होता.

"खुळा आहेस. दाढी पुरी कर."

दाढी उरकल्यावर मुलाच्या खांद्याचा आधार घेत ते माडीचा जिना चढले. वर गवंडी नव्या दाराची चौकट बसवत होता. अण्णांनी दम खाल्ला, खोलीभर नजर फिरवली आणि हातातली काठी वर करून छताला टेकवली.

"मिस्त्री, हे छत हातभर उंच घ्या," ते म्हणाले. "पुढं ह्याच्या पोरालाही इथं माती ओढायची आहे."